सुटीची किल्ली कोणाकडे?

सुटी घ्यायची असते, आखायची नसते, अशा समजुतीत आमची पिढी वाढली. मे महिना आला की मामाच्या गावची एस.टी. पकडायची, पुढचे सगळे मामी बघून घेई. आखणी म्हणजे काय ते कळले बँकेत लागल्यावर, एलटीसीच्या निमित्ताने. चार वर्षांचा ब्लॉक, आधी मंजुरी, मग तिकिटे, मग त्या तिकिटांचे पुरावे. बँकवाल्याचा प्रवास निम्मा फायलीसाठीच असे. तरीही पुस्तक समोर ठेवून, वहीत रकाने आखून, कोणत्या दिवशी किती वाजता कोणत्या पाळण्यात बसायचे हे महिना-महिना आधी ठरवणारी कुटुंबे जगात आहेत असे मी सांगितले, तेव्हा आमच्या सकाळच्या कट्ट्यावर हशा पिकला. ‘‘हे सहलीला जातात की शाखेच्या तपासणीला?’’ असा एकाने शेराही मारला.

मला हे हसणे पटत नाही. शिवाय हा प्रश्न आता परक्यांचा राहिलेला नाही. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत, नातवंडे तिकडचीच, आणि ‘आई-बाबा आलेच आहेत तर सगळे मिळून डिस्नेला जाऊन येऊ’ हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी घरांच्या कानावर पडलेले आहे. मी स्वतः दोनदा जाऊन आलो, २००९ मध्ये आणि २०२५ मध्ये. दोन्ही वेळा आखणी कडेकोट होती. पण दोन्हींत एक फरक होता, आणि मला वाटते तो फरक सुटीवर जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने लक्षात घेण्यासारखा आहे.

आधी ती जागा काय आहे ते सांगतो, म्हणजे पुस्तकाची गरज का पडते ते कळेल. गोराईच्या एस्सेलवर्ल्डला (ते १९८९ मध्ये सुरू झाले आणि २०२२ मध्ये बंद पडले) जाताना आपण बोटीची वेळ पाहायचो आणि निघायचो. फ्लोरिडात ऑरलँडोजवळ १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड हे प्रकरण वेगळे. सगळी जमीन धरली तर शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास. त्यात चार स्वतंत्र उद्याने, एकमेकांपासून बसने वा मोनोरेलने जाण्याइतकी लांब. पैकी मॅजिक किंगडम या एकट्या उद्यानात वर्षाला दीड कोटीहून अधिक माणसे येतात. म्हणजे तिथे खरा मुक्काम रांगेतच. तीन-चार मिनिटांच्या पाळण्यासाठी तास-दीड तास उभे राहणे यात तिथे कोणाला नवल वाटत नाही.

सुरुवातीला आखणी तिकिटातच होती. १९७१ मध्ये मोठ्या माणसाला नुसते आत जायला साडेतीन डॉलर पडत, आणि खेळांसाठी कुपनांचे पुस्तक मिळे. ‘ए’पासून ‘ई’पर्यंत कुपने, ‘ए’ म्हणजे साधे, ‘ई’ म्हणजे सर्वांत भारी. ‘ई’ची कुपने मोजकीच, त्यामुळे ती कशावर खर्च करायची हे घरात बसून ठरवावेच लागे. रेशनकार्डावरची साखर जशी आई सणावारी पुरवी, तसेच काहीसे. १९८२ च्या सुमारास कुपने गेली आणि एकच दिवसाचे तिकीट आले: आत शिरा आणि हवे तितके खेळा. ऐकायला हे सुख. पण कुपन संपले की माणूस थांबे. आता थांबवायला काही उरले नाही. गर्दीच्या दिवसांत एका माणसाचे एका दिवसाचे तिकीट २०२५ मध्ये पावणेदोनशे-दोनशे डॉलरपर्यंत जात होते. सहा जणांच्या कुटुंबाने सुट्या तिकिटांचा हिशेब केला तर एका दिवसाला हजार डॉलरच्या घरात. मग प्रत्येक मिनिट वसूल करायचे भूत मानगुटीवर बसते.

या भुतावर उतारा म्हणून पुस्तके आली. बॉब सेलिंजर या लेखकाचे ‘अनऑफिशियल गाइड’ १९८५ मध्ये प्रथम निघाले. नावाप्रमाणेच ते कंपनीचे अधिकृत नव्हे. काय बघावे यापेक्षा कोणत्या क्रमाने बघावे यावर त्यात भर. आता क्रमात एवढे काय, असे वाटेल. पण दहा खेळ ओळीने लावायचे तर ते ३६,२८,८०० प्रकारांनी लावता येतात, आणि दर तासाला रांगांची लांबी बदलते ती वेगळीच. म्हणून पुढच्या काळात या आखण्यांसाठी संगणक कामाला लावले गेले. तरी त्या साऱ्या गणिताचे सार आपल्याकडच्या कोणाही पेन्शनरला ठाऊक आहे. रोखीचा काउंटर दहाला उघडत असला तरी पहिल्या तारखेला आमचे पेन्शनर साडेनऊला शटरबाहेर हजर असत आणि पितळी टोकन घेऊन सव्वादहाला घरी. दुपारी बाराला रुबाबात येणारा दीड तास बाकावर बसे. डिस्नेचे पुस्तकही तेच सांगते: उघडण्याआधी दारात उभे राहा, ज्याची रांग सर्वांत लांब होणार ते आधी उरका, दुपारच्या उन्हात खोलीवर जाऊन पडा, संध्याकाळी पुन्हा या.

याखेरीज पुस्तकात बारीकसारीक पण मोलाची माहिती असते. स्पेस माउंटन या अंधारातल्या गाडीसाठी उंची ४४ इंच लागते. म्हणजे मुलाला आशा दाखवण्यापूर्वी घरी दाराच्या चौकटीशी उभे करून मोजावे; तिथल्या दांडीखाली ते मोजमाप झाले की रडारड ठरलेली. मूल लहान असेल तर एका पालकाने त्याला घेऊन बाहेर थांबायचे आणि दुसरा खेळून आला की पुन्हा पूर्ण रांग न लावता पहिल्याने जायचे, अशी सोय आहे. ती दारावरच्या माणसाकडे मागावी लागते. हे आधी वाचलेले असले की आयत्या वेळचे अर्धे वाद टळतात.

पण माझ्या मनात भरले ते दुसऱ्याच जातीचे पुस्तक. ‘पासपोर्टर’ या नावाने जेनिफर आणि डेव्ह मार्क्स या लेखकांनी ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस काढले. पुढे मार्गदर्शिका आणि मागे वही. तारेने बांधलेले, त्यामुळे टेबलावर सपाट उघडे राहणारे. वहीच्या भागात प्रत्येक दिवसाला एक जाड कागदाचा लिफाफा: वर त्या दिवसाचा बेत, जेवणाची ठिकाणे, खर्च लिहायला छापील जागा, आत तिकिटे, पावत्या, नकाशे ठेवायचे. परत आल्यावर तोच लिफाफा आठवणींचा. व्हाउचर आणि खतावणीत आयुष्य गेलेल्या माणसाला हे बघून भरून आले तर नवल नाही.

२००९ मध्ये अटलांटाला धाकट्या बहिणीकडे गेलो तेव्हा असे पुस्तक तिच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर उघडे पडलेले होते. शेजारी दोरीने बांधलेले पेन. ज्याला जे सुचेल ते त्याने लिहायचे. भाचा तेव्हा तेरा वर्षांचा. त्या काळी ‘फास्टपास’ नावाची कागदी, फुकट चिठ्ठी मिळे: यंत्रात तिकीट घातले की अमुक ते अमुक वेळात या, असे छापून येई. ही पद्धत १९९९ मध्ये सुरू झालेली. सगळ्यांची तिकिटे घेऊन यंत्रापर्यंत धावायचे काम भाच्याने स्वतःच्या नावावर लिहून टाकले होते. सात वर्षांच्या भाचीने चारही लिफाफ्यांवर एकच शब्द लिहिला: ‘कप’. (मोठाल्या कपांत बसून गरगर फिरायचे, ते. एकाच उद्यानात आहेत हे तिला सांगून उपयोग झाला नाही.) मेव्हण्यांनी खर्चाचे रकाने भरले. आणि बहिणीच्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना माई म्हणत असू, सुवाच्य देवनागरीत तिसऱ्या लिफाफ्यावर लिहिले: ‘या दिवशी एकादशी. दुपारी तासभर पाठ टेकायला मिळावी.’

माई तोंडाने हे कधीच म्हणाल्या नसत्या. विचारले असते तर ‘माझं काय, तुम्ही म्हणाल तसं’ हेच उत्तर आले असते. वहीने विचारले म्हणून त्यांनी सांगितले. सातशे किलोमीटर गाडी हाकून आम्ही पोहोचलो तेव्हा कोणाला काय हवे आहे हे सातही जणांना माहीत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी फ्लोरिडाचा जूनमधला पाऊस कोसळला, दोन खेळ बुडाले, आणि माई खोलीवर डब्यातली साबुदाण्याची खिचडी खाऊन शांत झोपल्या. कोणी कोणावर चिडले नाही. बुडाले काय ते सगळ्यांचेच बुडाले होते.

मग काळ बदलला. २०१३-१४ च्या सुमारास कागदी चिठ्ठ्या जाऊन मनगटावरचे पट्टे आणि मोबाइल आले. २०२० मध्ये महामारीने उद्याने बंद केली. उघडल्यावर ती फुकट चिठ्ठी परतलीच नाही. ऑक्टोबर २०२१ पासून लवकर आत जाण्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागू लागले, आणि जुलै २०२४ पासून त्याला ‘लाइटनिंग लेन मल्टिपास’ असे नाव आहे. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांनी सात दिवस आधी, बाकीच्यांनी तीन दिवस आधी, सकाळी सात वाजता मोबाइलवर बसून दिवसाचे तीन खेळ पकडून ठेवायचे. त्यातला एक झाला की तिथल्या तिथे पुढचा शोधायचा. उपाहारगृहातले टेबल साठ दिवस आधी. आखणी आता सहलीआधी संपत नाही. ती खिशात बसून सोबत चालते.

एप्रिल २०२५ मध्ये आम्ही दोघे न्यू जर्सीला मुलीकडे होतो. ईस्टरच्या आठवड्यात गर्दी टाळा असे प्रत्येक पुस्तक सांगते. नातीच्या शाळेला सुटी तेव्हाच. निघण्याच्या सात दिवस आधी सकाळी सातला मुलगी स्वयंपाकघरात मोबाइल घेऊन उभी, चहा निवलेला, आणि सगळ्यांना गप्प राहण्याचा हुकूम. पाऊण तास तिने जणू रोखे बाजार चालवला. जावई माणूस अत्यंत सालस. मुलाची बाबागाडी ढकलायला, सामान उचलायला, पैसे भरायला सदैव तयार. पण प्रत्येक वळणावर त्याचे एकच वाक्य: ‘‘तू सांग, आता कुठे जायचं?’’ नात विचारी, ‘‘आई, आता काय?’’ सौ. विचारी, ‘‘जवळपास बसायला कुठे आहे गं?’’ आणि ती रांगेत, जेवताना, मिरवणूक चालू असताना मोबाइलवर पुढचे काही सापडते का ते बघत असे. पहिल्या दोन दिवसांचे फोटो माझ्याकडे आहेत. ज्या ज्या फोटोत मुलगी आहे, त्या त्या फोटोत तिची मान खाली आहे.

मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो. बँकेत रोकड ठेवायच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात. एक रोखपालाकडे, एक अधिकाऱ्याकडे. एकट्याने ती उघडत नाही. चोरीची भीती हे कारण खरेच, पण दुसरेही एक आहे: कमी-जास्त झाले तर एकट्या माणसाच्या डोक्यावर खापर फुटू नये. टेबलावरच्या वहीत सुटी अशी संयुक्त ताब्यात होती. मोबाइलमध्ये गेली आणि किल्ली एकाच्या हाती आली. बहुतेक घरांत त्या एकाचे नाव आई असते. चौघांची सुटी होते आणि पाचवी चार दिवस ड्युटीवर असते.

आमचे कट्टेकरी यावर म्हणतील, ‘बघा! म्हणूनच आखणी नको. जावे आणि आयत्या वेळी ठरवावे.’ याला मी अजिबात मान देणार नाही. आयत्या वेळी ठरवू म्हणणाऱ्या पुरुषाच्या मागे आयत्या वेळी ठरवणारी बाई उभी असतेच. मामाच्या गावी आपण निर्धास्त जात होतो, कारण पंधरा माणसांच्या दूध-अंथरुणांची आखणी मामीने एप्रिलमध्येच केलेली असे. तिने कागदावर लिहिले नाही म्हणून ती आखणी नव्हती असे थोडेच आहे? तिला कोणी विचारले होते का, तुझी सुटी कोणत्या पानावर?

मोबाइलला शिव्या देण्यातही अर्थ नाही. एखादा खेळ अचानक बंद पडला, पाऊस आला, तर छापील पुस्तक मुके होते. मोबाइल तिथल्या तिथे सांगतो. शिवाय त्यातच कुटुंबातल्या माणसांची खाती जोडून एकमेकांचे बेत बघण्याची आणि बदलण्याची सोय आहे. म्हणजे दुसरी किल्ली आहे, पण ती कोणी उचललेली नसते.

दुसऱ्या रात्री हॉटेलच्या खोलीतली चिठ्ठ्यांची वही मी मुलीपुढे ठेवली. ती म्हणाली, ‘‘बाबा, सगळं फोनमध्ये आहे. आता परत कागदावर कशाला?’’

‘‘फोनमध्ये आहे म्हणजे तुझ्याकडे आहे. आमच्याकडे काय आहे?’’

ती जरा वैतागलीच. पण नातीला हा खेळ आवडला. तिने सहा चिठ्ठ्या फाडून वाटल्या आणि फर्मान काढले: उरलेल्या दोन दिवसांत प्रत्येकाने नक्की हवे असे एकच लिहायचे. तिने स्वतः ‘पीटर पॅन पुन्हा’ असे लिहिले. तीन वर्षांच्या नातवाला लिहिता येत नाही. त्याने एक लांबलचक डबा काढला. ती मोनोरेल होती. मोनोरेलला तिकीटच लागत नाही! इतक्या डॉलरांच्या धावपळीत त्याला काय हवे आहे हे कोणी विचारलेच नव्हते. सौ.ने ‘सावलीतला बाक’ लिहिले. मी ‘कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस’ लिहिले. हे १९६४ च्या न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनासाठी बनलेले जुने नाट्य. आपल्याकडे रंगमंच फिरतो, इथे प्रेक्षक खुर्च्यांसकट रंगमंचाभोवती फिरतात. वातानुकूलित आहे आणि बसून बघायचे आहे, हेही सांगून टाकतो. जावयाने लिहिले, ‘एक तास कुठेही न जाणे.’

मुलीने सर्वांत जास्त वेळ घेतला. मग लिहिले, ‘दुपारी दोन तास मला कोणी काहीही विचारू नये.’

चिठ्ठी नातीने मोठ्याने वाचली आणि खोलीत कोणी काही बोलले नाही. जावयाने आपला मोबाइल काढला आणि खाती जोडायला काय करायचे ते तिला विचारले. विचारता विचारता थांबला आणि स्वतःच शोधू लागला.

तिसरा दिवस काही आदर्श गेला असे नाही. जावयाने पकडलेली एक वेळ दुसऱ्या टोकाच्या खेळाची निघाली आणि आम्ही ती गमावली. जेवणाची वेळ टळून नातवाने भोकाड पसरले. पण एपकॉटमध्ये तळ्याभोवती अकरा देशांची दालने आहेत, त्यांतल्या एका दालनासमोर पाण्याच्या कडेच्या बाकावर मुलगी दोन तास बसली. मोबाइल जावयाकडे, चिठ्ठ्या नातीकडे. मी लांबून पाहिले. काही करत नव्हती. तळ्यातली होडी इकडून तिकडे जाताना पाहत होती. ऑफिसची नोकरी, दोन मुले आणि आम्ही दोघे पाहुणे, हे सगळे सांभाळणाऱ्या बाईला असे बसलेले मी कित्येक वर्षांत पाहिले नव्हते.

म्हणून सांगतो, पुस्तक घ्या. नवी आवृत्ती घ्या, कारण तिथले नियम दर वर्षी बदलतात. तारेची एक साधी वहीही घ्या आणि ती टेबलावर उघडी टाका, कपाटात नको. मोबाइलवरचे काम माणसांत वाटा: एकाने सकाळचे बघायचे, दुसऱ्याने जेवणाचे, मोठ्या मुलांनी नकाशाचे. पैसे वसूल झाले का हा हिशेब परत आल्यावर करावा, आणि तोही एकट्याने.

आणि बोलावणे आलेल्या आजी-आजोबांना एक खास विनंती. त्या वहीत आपले पान आपण भरा. ‘आम्हाला काहीही चालेल’ हे लिहू नका. त्याने मुलीचे काम वाढते. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणे होते, तेव्हा गुडघ्यांची खरी परिस्थिती लिहा; चाकांची खुर्ची भाड्याने मिळते आणि त्यात काही कमीपणा नाही. औषधांच्या वेळा लिहा. फराळाचे बाहेरून नेलेले आत चालते, फक्त ते गरम करावे लागेल असे नको आणि काचेचे भांडे नको. दशम्या, चिवडा, लाडू बिनदिक्कत न्या. लोणचे मात्र प्लास्टिकच्या डबीत.